नोंदी तुझ्या, साधनही तुझं

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नोंदवहीचं ते अ‍ॅप आता जुन्या नोंदी बाहेर काढायलाही पैसे मागतंय, हे वाचून जिवाला लागलं. भर उन्हात वालूरच्या बारवेत उतरून, पायऱ्या मोजून, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून तू जे टिपलंस, ते कुणा कंपनीच्या कुलपात राहता कामा नये. लॅपटॉप घेऊन हिंडणं तुला जमत नाही, म्हणून फोनवरचाच उपाय सांगतो. ईमॅक्स घे.

हा फार जुना टेक्स्ट एडिटर. १९७६ मध्ये एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी त्याची सुरुवात केली. आजचा जीएनयू ईमॅक्स स्टॉलमन यांनी पुढे नव्यानं लिहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसावी आवृत्ती आली आणि तो अँड्रॉइडवरही अधिकृतपणे चालू लागला. एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या भांडारात फुकट मिळतो. खातं उघडायला नको, जाहिराती नाहीत, बारवेत रेंज गेली तरी काही अडत नाही. पण मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी: तो आपल्या कामाप्रमाणे हवा तसा बदलून घेता येतो.

तुझ्याच कामाचं बघ. फोनच्या कडेला आवाज वाढवायचं बटण असतं ना, ईमॅक्स समोर उघडा असला की ते त्याच्याच ताब्यात असतं. मग त्याला हवं ते काम लावून देता येतं. मी ईमॅक्सच्या लिस्प या भाषेत एक छोटी आज्ञा लिहिली आहे. बटण दाबलं की बारवांच्या फाइलीच्या शेवटी नवा मथळा येतो, तारीख-वेळ आपोआप पडते, खाली गाव, पायऱ्या, पाणी, शिलालेख, सांगणारा अशा रिकाम्या ओळी, आणि कर्सर ‘गाव’पाशी थांबलेला. एका हातात टेप असली तरी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं काम सुरू. उद्या तुला ‘गाळ’ अशी आणखी एक ओळ हवीशी वाटली, तर आज्ञेत तो शब्द घालायचा, झालं. कुणाची मनधरणी करायला नको.

आवाज कमी करायचं बटण मात्र तसंच राहू दे. ते पटकन दोनदा दाबलं की चालू असलेली आज्ञा थांबते. कुठे अडकलीस तर तीच सुटका.

हे मथळे आहेत ईमॅक्समधल्या ऑर्ग-मोड या भागाचे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये तो सुरू केला. मथळ्याखालचा मजकूर मिटवता येतो, म्हणून शंभर बारवा एकाच फाइलीत असल्या तरी छोट्या पडद्यावर नुसती गावांची यादी दिसते. शिवाय ती फाइल साध्या मजकुराची, कुठेही उघडेल.

आता एक गोष्ट अगदी नीट लक्षात ठेव. ईमॅक्सचं स्वतःचं होम फोल्डर अ‍ॅपच्या खासगी जागेत असतं. अ‍ॅप काढून टाकलं की तेही जातं. म्हणून त्याला सगळ्या फाइलींची परवानगी दे आणि बारवांची फाइल फोनच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेव. तिची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर काढ. यात आळस नको.

पहिले काही दिवस जड जातील. फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल, आल्ट सहसा नसतात. मी पाठवतो त्या सेटिंगच्या फाइलीत मॉडिफायर-बार चालू केला आहे, त्यामुळे ती बटणं पडद्यावर दिसतील. क्ष, ज्ञ, ऱ्या लिहून बघ. जोडाक्षरं फुटलेली दिसली तर चांगल्या देवनागरी फॉन्टची फाइल होम फोल्डरमधल्या ‘fonts’ या फोल्डरात टाकून बघ. नुसत्या चार ओळींच्या टिपणांसाठी मी तुला मार्कोर हे अ‍ॅप सुचवलं असतं. तेही मुक्त आहे, सोपंही. पण तुझं काम वर्षानुवर्षं चालणारं आहे, आणि दर गावागणिक तुझे प्रश्न बदलतात.

जुन्या नोंदी पैसे मागणाऱ्या त्या अ‍ॅपमधून एकेक करून कॉपी कराव्या लागतील. दिवाळीत ये, दोघं बसून उरकू. तोवर प्रत्येक नोंदीत कोणकोणत्या ओळी हव्यात तेवढं कळव, म्हणजे आज्ञा तशी करून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका