घाबरवले की माणूस शहाणा होतो?

लहान मूल जेवत नसले की आपण त्याला बागुलबुवाची भीती घालतो. घाबरून ते दोन घास खाते आणि आपल्याला वाटते, उपाय लागू पडला. मोठ्या माणसांनाही हाच उपाय चालेल, असे अलीकडे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. हवामानबदलावरची कोणतीही बातमी पाहा. ‘महाविनाश’, ‘पृथ्वीचा अंत’, ‘आगीचा वर्षाव’ यांशिवाय मथळाच होत नाही. पण असे शब्द ऐकून माणूस खरोखर शहाणा होतो का? की नुसता घाबरतो आणि घाबरण्याचाही कंटाळा आला की ऐकणेच सोडून देतो?

हा प्रश्न मला आमच्याच घरात पडला. आम्ही दिल्लीत पहाडगंजला राहतो. नवी दिल्ली रेल्वे स्टेशनाला लागून असलेली ही जुनी वस्ती. अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली घरे, खाली दुकाने व हॉटेले आणि वर आमच्यासारखी बिऱ्हाडे. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन जवळच असल्यामुळे कानावर मराठी पडते, हे एक सुख. उन्हाळा मात्र अस्सल उत्तरेकडचा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते.

आकडा खोटा, ऊन खरे

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या सीमेवरील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. मग काय विचारता! रात्री उशिरापर्यंत टीव्हीवर तोच आकडा ज्वाळांच्या चित्रासह झळकत होता. नऊ वर्षांची आमची मुलगी झोपायला तयार होईना. ‘‘आई, उद्या पंचावन्न झालं तर आपण सगळे मरणार का गं?’’ असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती. सासूबाईंनी खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रे चिकटवून टाकली.

पुढच्याच दिवशी नागपूरहून फोन आला. सासूबाईंचे माहेर तिथले. तिथल्या एका केंद्राने तर चक्क ५६ अंश दाखवले होते. घरात सुतकी वातावरण पसरले.

लवकरच हवामान खात्याने तपासणी करून खुलासा केला. मुंगेशपूरचे उपकरण प्रत्यक्षापेक्षा ३ अंश जास्त दाखवत होते. नागपूरचा आकडाही उपकरणातील बिघाडाचा निघाला. मुलीला हायसे वाटले. सासूबाई मात्र भडकल्या. ‘‘सगळ्या थापा! आमच्या नागपुरात ऊन पूर्वीही असंच असायचं. उगाच लोकांना घाबरवतात मेले,’’ असे म्हणून त्यांनी खिडक्यांवरचे कागद काढले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक वाजता भाजी आणायला बाहेर पडल्या. मी कार्यालयात होते. शेजारच्या काकूंनी त्यांना जिन्यात चक्कर येऊन बसलेले पाहिले. अंगावर ओला टॉवेल घालून, लिंबूसरबत पाजून त्यांनी वेळ निभावून नेली म्हणून बरे.

आता पाहा, ज्या दिवशी तो ५२.९ चा आकडा आला, त्याच दिवशी दिल्लीच्या सफदरजंग या मुख्य केंद्रावर ४६.८ अंश तापमान नोंदवले गेले होते. तेथील ७९ वर्षांतला तो उच्चांक होता. हा आकडा खरा होता आणि काळजी करण्यासारखाही होता. पण ५२.९ च्या आरडाओरड्यात तो कुणाच्या लक्षातच आला नाही आणि मोठा आकडा चुकीचा ठरताच त्याच्याबरोबर हाही बुडाला. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतला मुलगा खोटे बोलतो हे आपण सर्वांना सांगतो. शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे मात्र विसरतो.

शास्त्रज्ञांचाही एक आकडा

केवळ वाहिन्यांना दोष देऊन चालणार नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे छापले गेले. गंगा-यमुनेच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या देशात यामुळे खळबळ उडाली. त्या विधानाला भक्कम आधार नव्हता, हे समितीला जानेवारी २०१० मध्ये मान्य करावे लागले. हजारो पानांच्या अहवालातली ती एक चूक. पण ज्यांना हवामानबदल मानायचाच नव्हता, त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

खरी गोष्ट काय आहे? हिमालय-हिंदुकुश भागाचा मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी या भागातला किमान एक तृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीपर्यंत जाईल, असे त्यात म्हटले आहे. हे कमी भयंकर आहे का? २०३५ हा खोटा आकडा वापरण्याची गरजच नव्हती.

मवाळ शब्दही कामाचे नाहीत

आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी माझ्याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, ‘‘बाई, ‘तापमानात वाढ’ असा मथळा दिला तर लोक पान उलटून पाककृतींकडे जातात. भडक लिहिलं नाही तर वाचतो कोण?’’

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मवाळ शब्दांनीही नुकसानच केले आहे. ‘हवामानबदल’ हा शब्दच घ्या. ऐकून वाटते, महाबळेश्वरला हवापालटासाठी जायचे आहे! ‘दीड अंशाची वाढ’ म्हटले की दिल्लीकर हसतो, कारण इथे जानेवारीची थंडी आणि मेचे ऊन यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. ही दीड अंशाची वाढ साऱ्या पृथ्वीच्या वर्षभराच्या सरासरीतली आहे, हे त्याला कुणी नीट सांगतच नाही. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत २०२४ चे जागतिक सरासरी तापमान सुमारे १.५५ अंशांनी जास्त होते. आपल्या अंगाचा ताप ९८.६ वरून १०१ वर गेला तर आपण ‘अडीच अंश म्हणजे काय मोठेसे’ असे म्हणत नाही, डॉक्टरांकडे जातो. सरासरीचे महत्त्व समजावायला हा घरगुती दाखला पुरेसा आहे, प्रलयाची गरज नाही.

भडक भाषेचे आणखी एक नुकसान आहे. ती आपल्याला उच्चांकाची भीती बाळगायला शिकवते, पण माणसे साध्या आकड्यांनीही दगावतात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. त्या दिवशी तिथे तापमान होते सुमारे ३८ अंश. तरीही तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. ३८ अंशांची बातमी कोण ज्वाळांच्या चित्रासह दाखवणार? रात्रीचेही तसेच. जून २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात दिल्लीत एका रात्री किमान तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले नाही. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही की वृद्ध आणि आजारी माणसे खचतात.

भीतीपुढे वाट हवी

मुलांवर काय परिणाम होतो, तेही पाहिले पाहिजे. भारतासह १० देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ‘मानवजात आता बुडालीच’ असे वाटत होते. जे बुडणारच आहे, ते वाचवायला कोण हातपाय हलवील?

उलट अहमदाबादचे उदाहरण घ्या. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. त्यात रंगांनुसार इशारे, वस्त्यांमध्ये पिण्याचे पाणी, दवाखान्यांना पूर्वसूचना आणि मोबाइलवर संदेश अशा साध्या गोष्टी होत्या. पुढे झालेल्या एका अभ्यासानुसार त्यामुळे वर्षाला सरासरी १,१०० हून अधिक मृत्यू टळले. तेथील लोकांना ‘जग संपणार’ असे सांगितले नव्हते. ‘उद्या अमुक इतके ऊन आहे, दुपारी बाहेर पडू नका, ही लक्षणे दिसली तर दवाखान्यात जा’ एवढेच सांगितले होते.

माझ्या मते, चांगल्या इशाऱ्यात तीन गोष्टी हव्यात. काय घडते आहे, त्याचा धोका कुणाला आहे आणि मी काय करावे. यातली तिसरी गोष्ट नसेल तर तो इशारा नाही, ती नुसती भीती आहे. ‘आणीबाणी’ हा शब्द जिथे खरा असेल तिथे जरूर वापरावा, पण त्याच्या पुढच्याच वाक्यात वाट दाखवावी. आकडा तपासून द्यावा आणि चुकला तर खुलासाही मूळ बातमीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावा.

घरातही हेच लागू आहे. उन्हाळ्यात हवामान खात्याचा रंगीत इशारा रोज सकाळी पाहा. नारिंगी किंवा लाल असेल तर वृद्धांची बाहेरची कामे सकाळी उरकून घ्या. उन्हात काम करणाऱ्या इस्त्रीवाल्याला, रिक्षावाल्याला पाणी विचारा. कुणी असंबद्ध बोलू लागले किंवा अंग भट्टीसारखे तापले तर ओल्या कपड्याने अंग गार करत ताबडतोब रुग्णालय गाठा. पहाडगंजपासून जवळच असलेल्या राममनोहर लोहिया रुग्णालयात मे २०२४ मध्ये उष्माघाताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपल्या गावात अशी सोय कुठे आहे, हे उन्हाळ्यापूर्वीच विचारून ठेवा.

आणि मुलांनी विचारलेच तर त्यांना खरे सांगा. पृथ्वी तापते आहे, त्याला कोळसा, पेट्रोल आणि डिझेलचा धूर कारणीभूत आहे, हा धूर कमी करता येतो आणि तो जितका लवकर कमी होईल तितके त्यांचे पुढचे उन्हाळे सुसह्य होतील. बागुलबुवा दाखवला तर मूल डोळे मिटून घेते. त्याला डोळे उघडे ठेवायला शिकवणे, हेच आपले काम आहे.