चिमूटभर खाद्य

मुलांनो, तुम्हांला काही ना काही छंद असेलच. कोणी तिकिटे जमवतो, कोणी कबुतरे पाळतो. माझा छंद थोडा निराळा आहे. नोकरीनिमित्त मी दुबईत राहतो. तेथे माझ्या घरी खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. तिच्यात रंगीत मासे आहेत आणि प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे पोवळे. उर्दूत तुम्ही त्याला मूंगा म्हणता. ते झाडासारखे दिसते, पण असते लहान लहान प्राण्यांची वसाहत. भारतात प्रवाळांना वन्यजीव कायद्याने संरक्षण दिले आहे. माझ्या टाकीतले प्रवाळही समुद्रातून तोडलेले नाहीत, मुद्दाम वाढवलेले आहेत.

एकदा या टाकीत हिरवे शेवाळ माजले. प्रवाळ झाकले जाऊ लागले. शेजारी म्हणाले, "औषध टाका, चार दिवसांत सगळे साफ होईल!" तुम्ही काय केले असते? मी आधी पाणी तपासले. पाण्यात फॉस्फेट फार वाढले होते. फॉस्फेट हे शेवाळाचे खत. औषधाने शेवाळ मेले असते, पण कुजून त्याने तेच खत पुन्हा पाण्यात सोडले असते.

हे खत आले कोठून? माशांच्या खाद्यातून! सकाळी माझी मुलगी खाद्य घाली, दुपारी तिची आई, संध्याकाळी पाहुणे. सगळे प्रेमानेच घालत. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा कुजून फॉस्फेट तयार होई.

मी खाद्य दिवसातून एकदा, चिमूटभरच द्यायचे ठरवले. मुलीचे डोळे भरून आले. "बाबा, मासे उपाशी मरतील!" ती म्हणाली. मी म्हणालो, "बेटा, आपण खाद्य बंद करत नाही, मोजून देतो." दर आठवड्याला थोडे पाणी बदलले. हाताने शेवाळ काढले. टाकीतल्या दगडांत साठलेले फॉस्फेट हळूहळू बाहेर येत असते, म्हणून दोन महिने धीर धरावा लागला. फॉस्फेट अगदी शून्य मात्र करायचे नसते; थोडेसे प्रवाळांनाही लागते. शेवटी शेवाळ ओसरले. एकही मासा उपाशी मेला नाही.

समुद्रातही असेच घडते. हवाई बेटांवर कानेओहे नावाची खाडी आहे. तेथे अनेक वर्षे सांडपाणी सोडले जाई. शेवाळाने प्रवाळ झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये ते पाणी खाडीबाहेर खोल समुद्रात वळवले. पुढे शेवाळ कमी झाले आणि प्रवाळ पुन्हा वाढू लागले.

तुमच्या गावातले तळे हिरवे झाले, तर नुसते शेवाळ काढून थांबू नका. त्याला खत कोठून मिळते, ते शोधा. ते गटारातून येत असेल किंवा शेतातून वाहून येत असेल. ती वाट बंद केली, की तळे आपोआप सावरू लागते. फक्त धीर धरायला हवा.