शिसं सगळ्यात शेवटी

घरी काडतुसं भरायला शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी वर्षानुवर्षं एकच सल्ला देत आलो. सुरुवात शिशाच्या भट्टीपासून करा, स्वतःची गोळी स्वतः ओता, बाकीचं त्यामागून येईल. हा सल्ला मी आता देत नाही. माझं मत बदललं आहे आणि ते का बदललं, हे नीट सांगायला हवं. कारण माझं ऐकून काहींनी गॅरेजमध्ये भट्ट्या मांडल्या आहेत.

मी ओहायोत राहतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायची असतील तर लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. माझं लहानपण खडकीत गेलं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्यामुळे काडतूस ही सरकारनं उंच भिंतींच्या आत बनवायची वस्तू, हे माझ्या मनात पक्कं होतं. इथे रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मित्राच्या गॅरेजमध्ये साच्यातून चकचकीत गोळ्या टपाटप पडताना पाहिल्या आणि मी त्या कामाच्या प्रेमातच पडलो.

ते प्रेम आजही खोटं वाटत नाही. ओतकाम हे फार सुंदर काम आहे. निव्वळ शिसं मऊ असतं. वेग वाढला की ते नळीच्या आट्यांना चिकटून राहतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळायचं. जुने लोक त्यासाठी छापखान्यांचा धातू गोळा करायचे. लायनोटाइपच्या मिश्रणात साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं. ज्या धातूनं वर्तमानपत्रं छापली, त्याच्याच गोळ्या व्हायच्या. साचा पुरेसा तापला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती दुधट दिसते. आयडाहोतला एल्मर कीथ हा पशुपालक अशाच कडक, ओतीव गोळ्या घेऊन प्रयोग करत राहिला आणि १९५५मध्ये आलेल्या .४४ मॅग्नम काडतुसामागे त्याचा मोठा आग्रह होता. हे सगळं मला नवख्यांना दाखवावंसं वाटायचं. शिवाय टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधणाऱ्या शिशाच्या वजनांची बादली जवळजवळ फुकट मिळायची.

मग घरात नातू आला आणि रांगायला लागला. गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायच्या दारापाशी त्याची आवडती जागा होती. मी त्या दारातून त्याच बुटांनी ये-जा करत होतो, ज्या बुटांनी भट्टीपाशी उभा राहायचो.

बहुतेकांना भीती वाटते ती धुराची. शिसं साधारण ३२७ अंश सेल्सियसला वितळतं आणि ओतकामाच्या तापमानाला त्याची वाफ अगदी थोडी होते. खरा घात धुळीचा. वितळलेल्या शिशावर येणारी मळी, ती काढून ठेवलेला डबा, पुसायचं फडकं, बाह्या, बूट. याहून वाईट म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, घासायचं यंत्र. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते फुटल्यावर त्याचा अंश पुंगळीत राहतो. कोरड्या भुशात पुंगळ्या घासल्या की तो धुळीत उतरतो. म्हणजे गोळ्या न ओतणाऱ्यानंही पुंगळ्या पाण्यात घासाव्यात. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी कोणतीच पातळी ठरलेली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२१मध्ये काळजीची रेषा डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमवरून ३.५वर आणली. हे वाचल्यावर मी भट्टी उचलून दूरच्या शेडमध्ये नेली. तिथले कपडे आणि बूट तिथेच राहतात.

काटकसरीचा मुद्दाही आता पूर्वीसारखा उरलेला नाही. टायरच्या दुकानातल्या बादलीत हल्ली जस्ताची आणि पोलादाची वजनं मिसळलेली असतात. जस्त शिशात विरघळलं की ते मिश्रण साच्यात नीट भरत नाही. एकेक वजन निवडत बसायला नवख्याकडे ना नजर असते ना धीर.

पण मत बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. भट्टीपाशी रमलेला माणूस काडतूस भरण्याच्या कामाला दुय्यम समजतो, आणि जीव जाण्याची शक्यता त्याच कामात जास्त असते. .३८ स्पेशल या काडतुसाचंच पाहा. ते १८९८ सालचं, काळ्या दारूच्या मापानं लांब केलेलं. आजची बिनधुराची दारू त्याच्या तळाशी थोडीशीच दिसते. चुकून दोनदा माप पडलं तरी पुंगळी ओसंडत नाही, वरून काही कळत नाही. आणि दारू पडलीच नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते. नेमबाजानं दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. म्हणून दारू भरल्यावर विजेरी घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावायचं, मगच गोळी बसवायची. गप्पा नाहीत, फोन नाही, टीव्ही नाही. ही सवय हाडात मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ शिशाच्या नादात जाऊ नये, असं मला आता मनापासून वाटतं.

तेव्हा ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी छापील लोडिंग मॅन्युअल विकत घ्यावं आणि पहिली प्रकरणं दोनदा वाचावीत. दारूचं माप मित्राच्या तोंडून घेऊ नये, माझ्याही नाही. एका वेळी एकच क्रिया करणारा साधा प्रेस घ्यावा, चांगला तराजू घ्यावा, गोळ्या तयार आणाव्यात. पुंगळीत डोकावल्याशिवाय हात पुढे सरकेनासा झाला, की मग शिशाचा विचार करावा. घरात लहान मूल असेल आणि वेगळी शेड नसेल, तर तेव्हाही करू नये. आणि माझ्या जुन्या सल्ल्यावरून ज्यांनी भट्टी आधीच मांडली आहे, त्यांना कळकळीची विनंती: या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या आणि मुलांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.