उरलेले बग्ज

परफेक्शनिस्ट माणसाबद्दल वाचायला मजा येते. त्याच्या टीममध्ये असलो की कळतं!

डोनाल्ड कनूथसाहेबांचंच बघा. १९७७ साली त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या आवृत्तीची प्रुफं आली. अक्षरं डोळ्यांना खुपली. दुसरा कुणी असता तर छापखान्याला चार शिव्या घालून मोकळा झाला असता. यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं, ते टेक. वर्षभराचं काम वाटलं होतं, दहाएक वर्षं गेली. (आपली एस्टिमेट्स काय वाईट असतात मग?) पुस्तकाचा तिसरा खंड आला १९७३ ला आणि चौथ्याचा पहिला भाग २०११ ला.

चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे, कारण २५६ सेंट म्हणजे एक हेक्साडेसिमल डॉलर. लोक तो वटवायचे कशाला, फ्रेम करून लावायचे.

पण मला खरी आवडते ती टेकच्या व्हर्जन नंबरची गंमत. ३.१, मग ३.१४, प्रत्येक वेळी पायचा एक आकडा वाढवायचा. २०२१ मध्ये ३.१४१५९२६५३ झालं. आणि साहेबांनी लिहून ठेवलंय, मी गेलो की व्हर्जन 'पाय' करून टाका. त्यानंतर जे बग्ज उरतील ती फीचर्स. एवढा चिकट माणूस, पण कुठे थांबायचं ते आधीच ठरवून बसलाय.

आमचा एक मित्र तीन वर्षं स्थळं बघतोय. एक मुलगी जोरात हसते म्हणून नको. एकीच्या बाबांनी चहा बशीत ओतून फुर्र केलं म्हणून नको. मागच्या वर्षी एक अगदी मनासारखी भेटली, तर याने 'अजून थोडा विचार करतो' म्हणून महिना घालवला. तिने दुसरीकडे होकार दिला. त्यानंतर तो बरेच दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. कोड असतं तर मी काहीतरी सुचवलं असतं, इथे काय बोलणार?

परवा त्याच्याकडे जेवायला होतो. काका आंघोळ करून आले आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. काकू ओरडल्या. मी विचारलं, "काकू, किती वर्षं सांगताय?"

"लग्न झाल्यापासून. चौतीस होतील आता."

मित्र माझ्या कानात म्हणाला, "बघ, म्हणून मी आधीच नीट बघून घेतो."

काकूंनी टॉवेल उचलला, गॅलरीत वाळत टाकला आणि काकांना विचारलं, "आमटी गरम करू का तुम्हाला?"