जुन्या मोटारीचे दप्तर

जुनी मोटार मूळ स्वरूपात उभी करण्याचा संकल्प सोडून जे गृहस्थ माझ्या गॅरेजात येतात, त्यांच्या मुखातून रंग, सीटांचे चामडे आणि बंपरांचा क्रोम यांविषयीचे प्रश्न अस्खलितपणे निघतात. परंतु ज्याच्या आधारे हे सारे काम व्हावयाचे ते मॅन्युअल कोणते घ्यावे, हा प्रश्न बहुधा गाडी खोलून तिचे नटबोल्ट डब्यांत जाऊन पडल्यावर उपस्थित होतो, आणि तोवर जे प्रथम हाती लागले ते पुस्तक विकत घेऊन झालेले असते.

आपल्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर परिचित झालेल्या फियाट ११०० डीचेच उदाहरण घ्यावे. विलायतेहून मागवलेल्या पुस्तकावर ११०० डी हीच अक्षरे छापलेली पाहून मालकाची खातरजमा होते. वस्तुतः १९६२ साली इटलीत निघालेल्या त्या नावाच्या गाडीचे इंजिन १२२१ सीसीचे, सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर, तर आपल्याकडील इंजिन १०८९ सीसीचे आणि व्यास ६८ मिलिमीटर, असा मूळ मुद्द्यातच भेद आहे, आणि पिस्टन व रिंगांची त्या पुस्तकातील सारी मापे आपल्या दृष्टीने बाद ठरतात. बरे, इंजिन जुळते म्हणून १९६६ च्या ११०० आरचे पुस्तक घ्यावे, तर त्या गाडीचा गिअर खाली जमिनीवर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. आपल्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याशी आणि ब्रेक ड्रमचे. तेव्हा नाव पाहून पुस्तक घेऊ नये. सीसी, व्यास, गिअरची जागा आणि ब्रेकचा प्रकार एवढे चार तपशील ताडून पाहावेत, आणि तेही दुकानदाराच्या हवाल्यावर न विसंबता स्वतः पान उघडून.

दुसरी गोष्ट अशी की, पुस्तक कोणत्या गाडीचे याइतकेच ते कोणासाठी लिहिले आहे हेही महत्त्वाचे असते. अमेरिकन सैन्याने हा प्रश्न फार स्वच्छपणे सोडवला होता: विलिस जीपचे फेब्रुवारी १९४४ चे टीएम ९-८०३ हे पुस्तक चालक आणि पलटणीतील मिस्त्री यांच्यापुरते असून, इंजिनाचे अंतरंग टीएम ९-१८०३ए या वरच्या कारखान्यासाठी लिहिलेल्या स्वतंत्र पुस्तकात आहे. मुलकी कंपन्यांचे वर्कशॉप मॅन्युअल हे कंपनीच्याच पगारी कारागिरासाठी असते, आणि त्याच्या भिंतीवर खास अवजारे टांगलेली आहेत असे त्यात गृहीत धरलेले असते. घरी काम करणाऱ्याची ही कुचंबणा ओळखून जॉन हेन्स या इंग्रज गृहस्थाने एक गाडी प्रत्यक्ष खोलून, पायरीपायरीची छायाचित्रे घेऊन, १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइटचे पुस्तक काढले, आणि त्यातून पुढे मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. ही पुस्तके सुबोध आहेत यात शंका नाही. तथापि सुटा केलेला भाग उलट क्रमाने बसवावा, हा त्यांतला नेहमीचा हुकूम ज्याने तो भाग स्वतः सुटा केला असेल त्यालाच लागू पडतो.

आणि येथेच माझे मत रूढ समजुतीपासून वेगळे पडते. गाडी चालू ठेवणे निराळे आणि मूळपदावर आणणे निराळे. चार-पाच दशके अनेक हातांखालून गेलेल्या गाडीत काय बिघडले आहे यापेक्षा काय नाहीसे झाले आहे, हेच प्रथम शोधावे लागते, आणि वर्कशॉप मॅन्युअल त्या बाबतीत मुके असते, कारण सर्व भाग जागच्या जागी आहेत अशी त्याची श्रद्धा असते. म्हणून पहिला खर्च पार्ट्स कॅटलॉगवर करावा. त्यातील गिअरच्या दांड्याचे एखादे पान पाहा: दांडा, स्प्रिंग, बुश, वॉशर, कॉटर पिन हे सारे कागदावर एकमेकांपासून विलग करून, बसण्याच्या क्रमाने मांडून, प्रत्येकाला क्रमांक दिलेला, शेजारच्या रकान्यात नग किती ते, आणि कोठे कोठे, अमुक चॅसिस क्रमांकापर्यंत हा भाग, पुढे दुसरा, असा शेरा. गिअर बदलताना दांडा खडखडतो म्हणून तीनदा वेल्डिंग झालेल्या गाडीत मुळात एक वॉशरच कमी आहे, हे असे पानच सांगते. बोल्ट किती आवळावा, फट किती ठेवावी यासाठी मात्र कंपनीच्या मॅन्युअललाच प्रमाण मानावे. हेन्सप्रभृतींचा क्रम त्यानंतर.

जुने पुस्तक घेताना शेवटची, घडी घालून जोडलेली वायरिंगची पाने शाबूत आहेत काय ते अवश्य पाहावे. तीच प्रथम फाटतात. पाने ग्रीसने मळलेली असली तर बिचकू नये. ज्या पानावर डाग अधिक, ते दुखणे त्या गाडीत अधिक, इतका बोध फुकट मिळतो. छायाप्रत घेत असाल तर आकड्यांचे रकाने भिंगाखाली तपासा, कारण पुसट झालेल्या ३ चा ८ वाचला गेल्यास इंजिनाला ते सोसत नाही.

आपल्या फियाटींचे हे कागद आता दुर्मिळ होत चालले आहेत. वडिलांचे अथवा काकांचे गॅरेज असलेल्या वाचकांना माझी विनंती एवढीच की, दिवाळीच्या आवराआवरीत असे एखादे कळकट पुस्तक हाती लागल्यास ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्या जवळच्या मिस्त्र्याला एकवार दाखवावे.