पाण्याखालचा शेजारधर्म

"बादलीत विंचू निघाला तर किंचाळणारी तू, समुद्राच्या तळाशी काय जाणार?" मालवणला निघताना सासूबाईंनी असा आहेर दिला. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं मालवणला गेलो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहून झाला, वाट्यांवर वाट्या सोलकढी पिऊन झाली. किल्ल्याजवळच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पावसाळ्यात हे बंद असतं. बारा वर्षांच्या लेकीने हट्टच धरला, "आई, तूसुद्धा!"

होडीत आधी धडा झाला. मी शाळेत शिकवते, पण इतकं मन लावून कॉलेजातही कधी ऐकलं नव्हतं! पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळा कारभार खुणांचा. अंगठा नि तर्जनी जुळवून गोल केला, की 'ठीक आहे'. पंजा आडवा धरून हलवला, की 'अडचण आहे'. अंगठा वर केला, तर 'छान' नव्हे बरं का, 'वर चला'! कानांना दडे बसले, तर नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. सर्दी असेल तर मुळी उतरायचंच नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. वर येताना तो कमी होतो नि कोंडलेली हवा फुगते. थोड्या खोलीवरूनही फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

"घाबरू नकात ताई, काय होवचा नाय," म्हणत प्रशिक्षकाने मला पाण्यात घेतलं. खाली हिरवट उजेड, काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी नाकासमोरून जाणारे. कान दुखू लागले, तशी मी नाक धरून थांबले. पाठीवरचं सिलिंडर धरून तोही थांबला.

इतक्यात आमच्याच होडीतले एक गृहस्थ पोहत आले. रीतसर शिकलेले, प्रमाणपत्रवाले. नाक धरलेलं पाहून त्यांना वाटलं, बाई घाबरली! ना खूण, ना विचारणं. सरळ माझा दंड धरून वर ओढू लागले. त्यांचा हात लागून माझा मास्क हलला, आत पाणी शिरलं. आता मात्र मी खरीच घाबरले. आणि घाबरल्यावर माणूस काय करतो? श्वास रोखतो! मीही रोखला.

प्रशिक्षकाने शांतपणे त्यांचा हात बाजूला केला. मला धरून ठेवलं, समोर येऊन श्वास सोडायची खूण केली. बुडबुडे निघाले तसा जीवात जीव आला. शिकवल्याप्रमाणे मान वर करून नाकाने फुंकलं, मास्कमधलं पाणी गेलं. मग त्याने बोटांचा गोल केला आणि वाट पाहत राहिला. माझ्या उत्तराची! मीही गोल करून दाखवला, तेव्हाच आम्ही पुढे निघालो.

होडीत ते गृहस्थ म्हणाले, "मी मदतच करत होतो." हेतू वाईट नव्हताच. प्रशिक्षकाने त्यांना नम्रपणे सांगितलं, की पाण्याखाली आधी खुणेने विचारायचं, उत्तराला थांबायचं. दुसऱ्याच्या अंगाला, सामानाला उगाच हात लावायचा नाही. त्याचा सोबती जवळ असेल तर त्याला काम करू द्यायचं. हवा संपली, प्राणावर बेतलं, तर गोष्ट वेगळी. तिथे मात्र क्षणाचाही उशीर नको.

मला रागही आला होता नि ओशाळल्यासारखंही झालं. मैत्रिणींनो, लेकीच्या हातातलं लाटणं "दे गं इकडे" म्हणत ओढून घेणारी मी त्या गृहस्थांहून वेगळी कुठे होते?

परवा तिची पोळी लाटता लाटता फाटली. माझा हात सवयीने पुढे झाला, तो मी मागे घेतला. बोटांचा गोल करून भुवया उंचावल्या. ती क्षणभर विचारात पडली. मग हसत पिठाचा पंजा हलवला नि लाटणं आपण होऊन माझ्यापुढे केलं.

"मायलेकींचं हे काय चाललंय?" सासूबाईंनी विचारलं.

"समुद्रातलं," मी म्हटलं.