नेस्मिथांची गादी आणि तिचे वारस

कॅन्सस विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला १८९८ पासून आजवर अवघे आठ मुख्य प्रशिक्षक लाभले, आणि त्या आठांच्या कारकिर्दींचा हिशेब मांडला असता ज्याच्या खाती विजयांहून पराभव अधिक जमा आहेत असा एकच पुरुष त्यांत आढळतो. तो पुरुष म्हणजे ज्याने हा खेळ जन्मास घातला ते डॉ. जेम्स नेस्मिथ. ५५ सामने जिंकले आणि ६० हरले, अशी त्यांच्या नावापुढे नोंद आहे. अमेरिकेतील क्रीडालेखक ही नोंद गमतीचा किस्सा म्हणून सांगतात. परंतु शारीरिक शिक्षणाचा इतिहास शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्या माझ्यासारख्याला ह्या पंचावन्न-साठाच्या आकड्यांत त्या संपूर्ण संस्थेच्या इतिहासाचे बीज दिसते, कारण हे पराभव खेळातील अकौशल्यातून आलेले नसून, सामना जिंकणे हे ज्याच्या लेखी खेळाचे प्रयोजनच नव्हते अशा एका शिक्षकाच्या जीवनदृष्टीतून आलेले होते.

नेस्मिथ हे मूळचे कॅनडातील आल्मॉन्ट गावचे. मॅकगिल विद्यापीठात शिक्षण घेऊन आणि धर्मशास्त्राचे अध्ययन पुरे करून ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले, ते व्यायामाच्या द्वारे तरुणांचे शील घडविता येते ह्या श्रद्धेने. हिवाळ्यात बाहेरची मैदाने बर्फाखाली गेल्यावर त्याच त्या कवायतीला कंटाळलेल्या विद्यार्थ्यांसाठी चार भिंतींच्या आत खेळता येईल असा नवा खेळ चौदा दिवसांच्या मुदतीत शोधून काढावा, असे विभागप्रमुख ल्यूथर ग्यूलिक यांनी त्यांना फर्माविले. आणि १८९१ च्या डिसेंबरात पीच फळांच्या दोन टोपल्या, एक फुटबॉल आणि तेरा नियमांचा टंकलिखित कागद एवढ्या सामग्रीवर अठरा विद्यार्थ्यांचा पहिला सामना झाला. दांडगाई होते ती चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडविताना, म्हणून चेंडू हाती असता धावण्यासच मनाई. आणि लक्ष्य जमिनीलगत उभे असले की चेंडू जोराने मारण्याचा मोह होतो, म्हणून लक्ष्य आडवे करून डोक्यावर टांगावयाचे, जेणेकरून बळाऐवजी अंदाजास महत्त्व यावे. टोपली दहा फुटांवर आली ती मात्र कोणत्याही सिद्धान्तामुळे नव्हे. व्यायामशाळेच्या सज्जाचा कठडा तेवढ्या उंचीवर होता आणि टोपल्या त्यालाच ठोकल्या, इतकेच. तेव्हापासून आजपर्यंत ती उंची ढळलेली नाही.

आपल्याकडे हा खेळ रुजला त्यातही स्प्रिंगफील्डच्या विद्यालयाचा वाटा मोठा आहे. तेथील पदवीधर हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापिले, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो देशभर नेला.

पुढे डेन्व्हरला वैद्यकाची पदवी संपादन करून १८९८ साली नेस्मिथ कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी, माउंट ओरेड नावाच्या टेकडीवर वसलेल्या विद्यापीठात आले. प्रार्थनामंदिराची व्यवस्था आणि शारीरिक शिक्षण ह्या दोन कामांसाठी त्यांची नेमणूक झाली होती. संघाचा प्रशिक्षक म्हणून स्वतंत्र अशी नव्हे. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी विद्यापीठाच्या संघाने कॅन्सस सिटीच्या वायएमसीएविरुद्ध पहिला सामना खेळला आणि तो १६ विरुद्ध ५ असा गमावला. आपल्याच संघाच्या सामन्यात नेस्मिथ पुष्कळदा स्वतः पंच म्हणून उभे राहत, ही एक गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्यांचे मन कोठे होते ते वेगळे सांगावे लागत नाही.

ह्या नेस्मिथांच्या हाताखाली १९०५ च्या सुमारास मिसुरीकडचा एक उंचपुरा, बुलंद आवाजाचा तरुण खेळू लागला. त्याचे नाव फॉरेस्ट क्लेअर ॲलन. बेसबॉलचा पंच म्हणून आरोळ्या ठोकताना त्याचा आवाज जहाजाच्या धुके-भोंग्यासारखा घुमे, म्हणून लोक त्याला ‘फॉग’ म्हणत आणि तेच नाव जन्मभर टिकले. ॲलन यांना एका महाविद्यालयाने प्रशिक्षक म्हणून बोलाविले तेव्हा, बास्केटबॉल हा शिकविण्याचा नव्हे, नुसता खेळावयाचा खेळ आहे, असे नेस्मिथांनी त्यांना बजावले, ही हकीकत कॅन्ससमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. शिष्याने ती ऐकली आणि सारे आयुष्य तिचे खंडन करण्यात वेचले. १९०७ ते १९०९ ही दोन वर्षे आणि नंतर १९१९ पासून १९५६ पर्यंत ॲलन यांनी संघ सांभाळला, मधल्या काळात अस्थिचिकित्सेचे शिक्षण घेतले, आणि विद्यापीठाला ५९० विजय मिळवून दिले.

परंतु ॲलन यांचे खरे कर्तृत्व मला विजयांच्या संख्येहून वेगळ्या ठिकाणी दिसते. १९२७ साली नियम-समितीने, चेंडूचा टप्पा एकदाच द्यावा, असा निर्बंध घालण्याचे ठरविले. आणि तो अमलात येता तर चेंडू टप्प्याटप्प्याने खेळवीत प्रतिपक्षाची फळी भेदण्याची कला अंकुरतानाच खुडली गेली असती. ॲलन यांनी देशभरच्या प्रशिक्षकांना एकत्र करून त्याविरुद्ध रान उठविले, निर्णय फिरविला, आणि त्याच चळवळीतून प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. जो खेळ शिकविण्याजोगा नाही असे गुरू म्हणाला, त्याच्या शिक्षकांचा असा एक व्यवसाय, व्यवसायाची एक संघटना आणि संघटनेचा सरकारदरबारी मान, हे सारे शिष्याने निर्माण केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रवेश मिळाला त्यामागे ॲलन यांची वर्षानुवर्षांची खटपट होती, आणि वृद्ध नेस्मिथांना तो सोहळा पाहता यावा म्हणून त्यांच्या प्रवासासाठी वर्गणी गोळा झाली ती ह्याच प्रशिक्षकांच्या पुढाकाराने. पहिल्या सामन्याचा चेंडू नेस्मिथांनी उडविला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानात, भर पावसात झाला. चेंडू टप्पा घेईना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिन शहरात, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपल्या देशी खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवीत होते, ह्या योगायोगाचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

ॲलन यांच्या तालमीतून जे पठ्ठे बाहेर पडले त्यांची नामावळी पाहिली म्हणजे कोल्हापूरच्या एखाद्या नामांकित वस्तादाची आठवण व्हावी. ॲडॉल्फ रप हे १९२२ व १९२३ च्या संघांत होते. त्यांनी पुढे केंटकी विद्यापीठात ८७६ विजय मिळविले. डीन स्मिथ हे १९५२ च्या संघातील राखीव खेळाडू; त्यांनी नॉर्थ कॅरोलायनात ८७९ मिळवून रपांचा उच्चांक मोडला. हा १९५२ चा संघ म्हणजे ॲलन यांच्या कारकिर्दीचा कळस होय: क्लाइड लव्हलेट ह्या धिप्पाड मध्यखेळाडूच्या बळावर त्याने सिएटल येथे सेंट जॉन्सला ८० विरुद्ध ६३ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, आणि त्यातील सात खेळाडू हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाऊन सुवर्णपदकाचे मानकरी झाले.

इथपर्यंतचा इतिहास विद्यापीठाच्या गौरवग्रंथांतून ठळकपणे सापडतो. माझ्या मते मात्र नेस्मिथांच्या खऱ्या वारसाचे नाव ह्या यादीत नाही, कारण त्याला त्या संघाचा गणवेश कधी अंगावर चढविताच आला नाही.

जॉन मॅक्लेन्डन हा कॅन्सस राज्यातीलच हायावाथा गावी १९१५ साली जन्मलेला कृष्णवर्णीय मुलगा. त्याला बास्केटबॉलचा शिक्षक व्हावयाचे होते. ह्या खेळाचा जनक आपल्याच राज्यात शिकवितो हे वडिलांना कळले तेव्हा त्यांनी मुलाला थेट नेस्मिथांकडे जावयास सांगितले, आणि १९३३ साली मुलगा त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला की आपण माझे मार्गदर्शक आहात, असे माझ्या वडिलांनी सांगितले आहे. नेस्मिथांनी ते मान्य केले. शारीरिक शिक्षणाच्या विभागात प्रवेश मिळाला. विद्यापीठाच्या संघात मिळाला नाही, कारण तो गौरवर्णीयांसाठीच राखून ठेवलेला होता. पोहण्याचा तलावही कृष्णवर्णीयांना बंद होता, आणि तो उघडला गेला तो ह्या मुलाच्या चिकाटीमुळे. हे लॉरेन्स गाव कोणते? गुलामगिरीचा कट्टर विरोध करणाऱ्या वसाहतवाल्यांनी १८५४ साली जे मुद्दाम वसविले आणि त्या विरोधापायी १८६३ साली जे शत्रूच्या टोळीने जाळून भस्म केले, तेच हे गाव. ज्या गावाने मनुष्याच्या समतेसाठी रक्त सांडले त्याच गावात सत्तर वर्षांनी एका विद्यार्थ्याला पाण्यात उतरण्यासाठी भांडावे लागावे, ह्याचा खेद मला आजही होतो.

१९३६ साली मॅक्लेन्डन पदवीधर झाले. वर्गात, व्यायामशाळेत आणि शाळाशाळांतून पाठ घेताना नेस्मिथांच्या सान्निध्यात राहून त्यांनी जे उचलले ते डावपेचांच्या पलीकडचे होते: मैदानाच्या एका कोपऱ्यात खेळ चालू असताना उरलेले मैदान रिकामे का ठेवावे, जेथे चेंडू तेथे बचाव का नसावा, हा प्रश्न. त्यातूनच संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला वेढणारा बचाव आणि चेंडू हाती येताच वाऱ्यासारखे तुटून पडणारे आक्रमण, अशी त्यांची पद्धती सिद्ध झाली. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात ते प्रशिक्षक झाले, आणि १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये गेलेले असताना, दारे बंद करून त्यांच्या संघाने ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गौरवर्णीय संघाशी सामना खेळला. असा सामना त्या मुलखात निषिद्ध होता. पकडले जाते तर काय गुदरले असते ह्याची कल्पना प्रत्येकाला होती. मॅक्लेन्डन यांच्या संघाने तो ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला. त्यानंतर दोन्हीकडच्या मुलांनी आपसांत मिसळून, नवे गट पाडून, आणखी एक डाव खेळला. नेस्मिथांनी ज्या हेतूने टोपल्या कठड्याला ठोकल्या तो हेतू माझ्या मते त्या दुसऱ्या डावात जितका सफल झाला तितका कोणत्याही अजिंक्यपदात झालेला नाही. हा सामना पन्नासएक वर्षे गुप्तच राहिला. पुढे टेनेसीतील आपल्या संघाला मॅक्लेन्डन यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले.

ह्याच १९५७ साली कॅन्ससच्या मुख्य संघात फिलाडेल्फियाचा विल्ट चेंबरलेन खेळत होता. सात फूट एक इंच उंचीच्या ह्या तरुणाला मिळविण्यासाठी ॲलन यांनी जंग जंग पछाडले. परंतु तो मुख्य संघात येण्यापूर्वीच वयाची सत्तरी गाठली म्हणून नियमानुसार त्यांना सेवानिवृत्त व्हावे लागले, आणि ज्या भव्य क्रीडागृहाला १ मार्च १९५५ पासून त्यांचे नाव लागले होते त्यात विल्टचा खेळ दुसऱ्याच्या हाताखाली बहरला. पहिल्याच सामन्यात त्याने ५२ गुण मिळविले आणि ३१ वेळा उसळलेला चेंडू झेलला. अंतिम सामना कॅन्सस सिटीत नॉर्थ कॅरोलायनाशी पडला, तीन जादा डावांपर्यंत लांबला, आणि ५४ विरुद्ध ५३ असा एका गुणाने हातचा गेला. तो पराभव विल्टच्या मनाला फार लागला; चाळीस वर्षांनी, १९९८ च्या जानेवारीत, विद्यापीठाने त्याचा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, तेव्हाच तो त्या क्रीडागृहात परतला.

ॲलन यांच्या शिष्यांनी वर्णभेदाच्या प्रश्नावर एकच वाट धरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९६६ च्या मार्चमध्ये रपांचा सर्वस्वी गौरवर्णीय संघ टेक्सस वेस्टर्नच्या पाच कृष्णवर्णीय खेळाडूंपुढे अंतिम सामन्यात पराभूत झाला. त्याच वर्षी डीन स्मिथांनी चार्ली स्कॉट ह्या कृष्णवर्णीय खेळाडूला नॉर्थ कॅरोलायनात आणले. आणि त्याच वर्षी क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने मॅक्लेन्डन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. मुख्यतः गौरवर्णीयांच्या विद्यापीठात असे पद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय होत.

पुढची कथा सर्वपरिचित असल्याने मी ती आवरतो. स्मिथांच्या मुशीतले लॅरी ब्राउन १९८३ साली आणि स्मिथांचेच साहाय्यक रॉय विल्यम्स १९८८ साली कॅन्ससला आले, म्हणजे ॲलन यांची विद्या नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन पुन्हा मूळ पीठाकडे वळली. ब्राउन यांनी डॅनी मॅनिंगच्या साहाय्याने १९८८ मध्ये, आणि एके काळी ब्राउन यांच्याच हाताखाली उमेदवारी केलेल्या बिल सेल्फ यांनी २००८ व २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणले. २०२२ चा अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायनाशीच होता. सोळा गुणांची पिछाडी भरून काढून कॅन्ससने तो ७२ विरुद्ध ६९ असा जिंकला. मधल्या काळात खेळाडूंच्या भरतीत पैशाचे गैरव्यवहार झाल्याच्या प्रकरणात २०१७-१८ च्या मोसमातील १५ विजय पुढे दफ्तरातून रद्दबातल झाले, आणि नेस्मिथांच्या तेरा नियमांचा मूळ कागद २०१० साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांना विकत घेऊन एका माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या हवाली केला. नेस्मिथांनी ह्या खेळावर धन जोडले नाही. १९३९ साली लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले, आणि तो कागद आज त्याच टेकडीवर, ॲलन यांच्या क्रीडागृहाला लागून असलेल्या इमारतीत, काचेमागे ठेवलेला आहे.

स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथांच्या नावाने जे कीर्तिमंदिर आहे त्यात मॅक्लेन्डन यांना १९७९ साली स्थान मिळाले, परंतु ते ‘खेळाला हातभार लावणारा’ ह्या सदराखाली. त्यांचे विजय, त्यांची पद्धती, त्यांचे शिष्य, हे सारे समोर असताना त्यांना प्रशिक्षक म्हणण्यास ती संस्था त्या वेळी सिद्ध झाली नाही. १९९९ साली ते वारले. प्रशिक्षक ह्या नात्याने त्यांची नोंद तेथे २०१६ साली झाली.